डॉक्सी दहाव्या दिवशी थांबवली, आता हिरड्या फिकट: टिक फिव्हर उलटल्यावर काय करायचं, कुणाचं ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचा ब्रूनो साडेचार वर्षांचा लॅब्रेडॉर, वजन ३२ किलो. पुण्यात तळमजल्यावर राहतो, मागे छोटी बाग आहे. गेल्या महिन्यात त्याला ताप आला, नाकातून रक्त आलं, प्लेटलेट ४२ हजार निघाल्या. टिक फिव्हर म्हणून डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचं औषध) सुरू केली. तिसऱ्या दिवसापासून तो जेवायला लागला, पण गोळीनंतर उलट्या व्हायच्या, म्हणून दहाव्या दिवशी आम्ही ती थांबवली. आता तीन आठवड्यांनी पुन्हा सुस्त पडून असतो, हिरड्या फिकट दिसतात, लघवी गडद होते. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी एक जण पपईच्या पानांचा रस द्यायला सांगतात, एक जण डबल डॉक्सी, एकांकडे त्यांच्या कुत्र्याचं उरलेलं इंजेक्शन आहे, एक म्हणतात रक्त चढवा. आमचे डॉक्टर सोमवारी येणार आहेत. घरात तीन वर्षांची मुलगी आणि चिंगी नावाची देशी कुत्री आहे. काय ऐकू?"

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा. फिकट हिरड्या आणि गडद लघवी एकत्र दिसली की सोमवारची वाट बघायची नाही. आज जो दवाखाना उघडा असेल तिथे ब्रूनोला न्या. त्याला चालवत नेऊ नका, उचलून गाडीत ठेवा. गळ्यातला पट्टा काढा आणि छातीचा हार्नेस घाला. प्लेटलेट कमी असतील तर गळ्याला बसलेला एक हिसकासुद्धा आत रक्त साकळायला पुरतो. निघताना त्याची लघवी एका धुतलेल्या, कोरड्या डबीत घेता आली तर घ्या. नाहीच जमलं तर मोबाइलवर फोटो काढा, पांढऱ्या फरशीवरचा असला तर रंग नीट कळतो.

हिरड्या किती फिकट आहेत हे बघायची एक सवय लावून घ्या. वरचा ओठ उचला, हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. दाबलेला पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. कित्येक लॅब्रेडॉरच्या हिरड्यांवर काळे डाग असतात, तिथे रंग कळत नाही. मग खालची पापणी हलकेच ओढून आतली बाजू बघा. झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजा, तिशीच्या आत असायला हवी. तापासाठी कानाला हात लावून काही कळत नाही. थर्मामीटर गुदद्वारातच लावावा लागतो, आणि कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्यापेक्षा जास्तच असतं ते, त्यामुळे १०१ बघून घाबरू नका. हे सगळं दवाखान्यात पोचेपर्यंतचं आणि घरी आल्यानंतरचं काम आहे. ते घरी करून बघून जायचं की नाही ते ठरवू नका, जायचंच आहे.

आता मला काय वाटतं ते सांगते. मी पुण्यात वीसहून जास्त वर्षं प्रॅक्टिस करते आहे आणि पावसाळ्याच्या आगेमागे माझ्या टेबलावर रोज निदान एक तरी टिक फिव्हर असतो. "टिक फिव्हर" हे एका आजाराचं नाव नाही. गोचिडींमधून येणाऱ्या तीन-चार वेगवेगळ्या आजारांना आपण एकच नाव देऊन मोकळे होतो आणि अर्धा घोटाळा तिथेच सुरू होतो. आपल्याकडे जास्त दिसतात ते दोन: एर्लिकिया आणि बबेसिया. एर्लिकिया हा जिवाणू आहे, तो पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो आणि प्लेटलेट खाली आणतो. ब्रूनोचं नाकातून आलेलं रक्त त्याच्याशी जुळतं. बबेसिया जिवाणू नाही, हिवतापाच्या जंतूसारखा एकपेशीय परजीवी आहे. तो लाल पेशीत शिरतो आणि पेशी फुटतात. फुटलेल्या लाल पेशींचा रंग लघवीत उतरतो, म्हणून लघवी कोऱ्या चहासारखी दिसते आणि हिरड्यांचा रंग उडतो. डॉक्सी एर्लिकियावर उत्तम चालते. आपल्याकडे आढळणाऱ्या बबेसिया गिब्सोनीवर एकटी डॉक्सी पुरत नाही. हा गिब्सोनी आपल्याकडचाच. १९१० साली मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पॅटन यांनी तो पहिल्यांदा पाहिला होता.

म्हणजे दोन शक्यता आहेत. एक, अर्धवट उपचारामुळे एर्लिकिया उलटला. दुसरी, बबेसिया पहिल्यापासून सोबत होता आणि डॉक्सीने एक चोर पकडला, दुसरा घरातच राहिला. दोन्ही एकाच वेळी असणंही नेहमीचंच आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरीचा संशय जास्त आहे, पण संशयावर औषध देता येत नाही. म्हणून जाल तिथे सीबीसीबरोबर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीबरोबर, रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) मागा, आणि तो माणसाने मायक्रोस्कोपखाली बघितलेला असू द्या. शक्यतो पहिला थेंब कानाच्या कडेवरून घेतलेला असला तर बबेसिया सापडायची शक्यता वाढते. स्मिअरचा आणखी एक फायदा आहे. कुत्र्याच्या प्लेटलेट ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात आणि मशीन त्या मोजतच नाही. मशीन २० हजार म्हणतं, स्मिअरवर बघावं तर प्लेटलेट भरपूर. अशा आकड्यावर रात्रभर रडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. स्मिअरमध्ये काही दिसलं नाही तरी आजार नाही असं होत नाही. मग पीसीआरला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, रक्त पाठवायचं, एर्लिकिया आणि बबेसिया दोन्हींसाठी. सोबत किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या आणि लघवीतली प्रथिनं बघून घ्या, कारण हा आजार रेंगाळला की किडनीवर येतो.

रक्त चढवायचं की नाही हे पीसीव्ही नावाचा आकडा आणि कुत्र्याची अवस्था बघून ठरतं. रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के आहे ते पीसीव्ही सांगतो. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो. विशीच्या खाली झपाट्याने उतरला आणि कुत्रा धापा टाकू लागला तर रक्ताची तयारी ठेवावी लागते. हळूहळू उतरलेला असेल तर तेवढ्याच आकड्यावर कुत्रा शेपूट हलवत उभा असतो आणि थोडं थांबता येतं. म्हणून "रक्त चढवा" म्हणणारे चुकीचे नाहीत, पण ते फिरायच्या रस्त्यावर ठरत नाही.

इथे मात्र तुमच्या सकाळच्या मंडळींचा खरा उपयोग आहे. आपल्याकडे माणसांसारख्या रक्तपेढ्या कुत्र्यांसाठी हाताशी नसतात. रक्त मिळतं ते दुसऱ्या एखाद्या घरातल्या धट्ट्याकट्ट्या कुत्र्याकडून, त्याच्या मालकाच्या भलेपणावर. आत्ताच विचारून ठेवा: कुणाचा कुत्रा पंचवीस किलोच्या वर, एक ते सात-आठ वर्षांचा, लसी पूर्ण झालेला, सध्या कुठलंही औषध चालू नसलेला आहे? दोन नावं मिळाली तर दोन्ही लिहून ठेवा. दात्याचं रक्त आधी गोचिडींच्या आजारांसाठी तपासलंच पाहिजे, नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याला आपणच टोचतो. ब्रूनोला याआधी कधी रक्त दिलं नसेल तर पहिल्या वेळी सहसा मोठी रिअ‍ॅक्शन येत नाही, तरी क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळतं का ही तपासणी) करता आलं तर करावं. दुसऱ्या वेळी तर ते केल्याशिवाय रक्त देऊच नये. आणि रक्त म्हणजे उपचार नव्हे. ते औषधाला काम करायला चार दिवस मिळवून देतं.

आता डॉक्सीकडे येते, कारण तुमची चूक झाली ती इथे, आणि ती इतकी सरसकट होते की तिचा दोष मी तुमच्या एकटीच्या माथी मारणार नाही. एर्लिकियासाठी डॉक्सीचा डोस किलोला दिवसाला १० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळांत विभागून, आणि तो २८ दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी कुत्रा जेवतो, चौथ्या दिवशी चेंडू आणून देतो, आणि घरातल्यांना वाटतं झालं. पण जंतू तेव्हा प्लीहेत आणि पांढऱ्या पेशींत लपलेला असतो. गोळी थांबली की तो आत दडूनच राहतो, कधी महिनोन्‌महिने, कधी वर्षं. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो. मग काही कुत्र्यांत तो अस्थिमज्जेवर चढतो आणि तिथून परत आणणं फार अवघड असतं. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त वाईट होतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची या जातीची किती तरी कुत्री या आजाराने गेली, तेव्हा जगाने त्याकडे नीट लक्ष दिलं.

माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांत असाच एक शेफर्ड यायचा. दोनदा बरा झाला, दोनदा औषध मधेच सुटलं. मीही तेव्हा २८ दिवसांचा आग्रह आजच्याइतका धरत नव्हते, "खायला लागलाय ना, बरं झालं" म्हणून पाठवून द्यायचे. तिसऱ्यांदा आला तेव्हा लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही तळाला गेल्या होत्या. त्याला आम्ही वाचवू शकलो नाही. तेव्हापासून मी चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची तारीख लिहून देते आणि ती फ्रिजवर लावायला सांगते.

उलट्यांचं म्हणाल तर त्यावर इलाज होता, फक्त फोन करायला हवा होता. डॉक्सी रिकाम्या पोटी देऊ नये, अर्ध्या जेवणानंतर द्यावी आणि वर उरलेलं जेवण किंवा पाणी. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते. पण गोळी पनीर, चीज, पेढा किंवा दह्यात लपवू नका. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, ते पूर्ण अंगी लागत नाही. बहुतेक घरांत गोळी द्यायची पहिली युक्ती चीजचीच असते, म्हणून मुद्दाम सांगते. उकडलेल्या रताळ्याचा गोळा, चिकनचा तुकडा, भाताचा मुटका, यात द्या. दुसरी गोष्ट, हिरड्या पांढऱ्या म्हटलं की सगळे लोहाचं टॉनिक सुरू करतात. लोह डॉक्सीला दुधापेक्षाही घट्ट धरतं. डॉक्टरांनी दिलंच असेल तर दोन्हींत निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधांनाही तेच लागू. खरं तर बबेसियाच्या अ‍ॅनिमियात लोह कमी पडलेलं नसतंच, पेशी फुटलेल्या असतात. एवढं करूनही उलट्या थांबल्या नाहीत तर डोस विभागता येतो, उलटीचं औषध देता येतं, दुसऱ्या रासायनिक रूपातली (दुसऱ्या सॉल्टची) डॉक्सी मिळते. थांबवणं हा पर्याय मात्र नाही.

डबल डॉक्सीही नको. डोस दुप्पट केल्याने जंतू दुप्पट वेगाने मरत नाही. पोट मात्र बिघडतं आणि औषध पुन्हा सुटतं.

पपईच्या पानांचा रस विष नाही, आणि तो सुचवणाऱ्या काकांचा जीव ब्रूनोवर आहे हेही मला दिसतं. पण मी तो देत नाही. डॉक्सी लागू पडली की पाच-सात दिवसांत प्लेटलेट आपोआप वर येतात. त्याच दिवसांत रस चालू असला की श्रेय रसाला मिळतं. पुढच्या कुत्र्याला मग नुसता रस मिळतो. शिवाय तो कडू असतो, जबरदस्तीने पाजला की उलटी होते आणि त्यात गोळीही जाते. ब्रूनोच्या बाबतीत तर प्लेटलेटपेक्षा लाल पेशींची काळजी जास्त आहे, आणि पपईचं पान बबेसियाला हात लावत नाही.

उरलेल्या इंजेक्शनबद्दल मात्र कडक शब्दांत सांगते: नको. बबेसियावर दिली जाणारी जुनी इंजेक्शनं, विशेषतः डिमिनाझिन, यांत लागू पडणारा डोस आणि मेंदूला इजा करणारा डोस यांत फार अंतर नसतं. इमिडोकार्ब हे दुसरं इंजेक्शन बबेसियाच्या आकाराने मोठ्या प्रकारावर चालतं, गिब्सोनी हा लहान प्रकार, त्यावर त्याचा भरवसा कमी. गिब्सोनीसाठी सध्या सगळ्यांत भरवशाची जोडी अ‍ॅटोवाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनची, दहा दिवसांची. ती महाग पडते, हे आधीच माहीत असलेलं बरं. अ‍ॅटोवाक्वोन तुपातेलाच्या जेवणाबरोबरच अंगी लागतं, त्यामुळे त्या गोळीबरोबर चमचाभर तूप चालतं, किंबहुना हवंच. खर्च झेपणार नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दुसऱ्या औषधांची जोडणीही करता येते, थोडी लांबते पण कित्येक कुत्र्यांना तिने बरं वाटलेलं मी पाहिलं आहे. पैशांबद्दल बोलायला लाजून लोक अर्ध्यात औषध सोडतात, त्यापेक्षा ते बोलणं कितीतरी चांगलं.

आणि ताप आला म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, निमेसुलाइड, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात. ज्याच्या प्लेटलेट चाळीस हजार आहेत त्याच्या पोटात व्रण पडला तर तो रक्तस्राव थांबवणं आमच्याही हातात राहत नाही. ताप वाढला असेल तर पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओलं करा, पंखा लावा. बर्फ नको. दवाखान्यात पूर्वी ब्रूनोला स्टेरॉइड दिलं असेल तर तेही स्वतःहून पुन्हा सुरू किंवा एकदम बंद करू नका. काही कुत्र्यांत शरीर स्वतःच्याच पेशी मारायला लागतं तेव्हा ते लागतं, पण ते ओळखायचं काम तपासणाऱ्याचं आहे.

इथवर ब्रूनोच्या रक्ताची गोष्ट झाली. आता तुमच्या घराची, कारण ती झाली नाही तर पुढच्या वर्षी तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

आपल्या कुत्र्यांवर असते ती तपकिरी गोचीड. ती रानातली नाही, घरातली आहे. माणसाच्या भिंतींत, कुत्र्याच्या गादीजवळ तिची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असते. आयुष्यात ती तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. अंड्यातून निघालेलं पिल्लू राईपेक्षा बारीक, सहा पायांचं. ते कुत्र्याच्या केसांत कुणाच्या नजरेला पडत नाही. रक्त पिऊन खाली पडतं, कात टाकतं, आठ पायांचं होतं, पुन्हा चढतं, पुन्हा पडतं. तिसऱ्यांदा मोठी मादी रक्ताने एरंडाच्या बीसारखी टम्म फुगते आणि गळून पडते. मग ती वर चढते. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळे फरशी पुसत बसतात. ती दाराच्या चौकटीच्या फटीत, पडद्याच्या दांडीमागे, स्विचबोर्डच्या आत, फोटोच्या फ्रेममागे, छताच्या कोपऱ्यात जाते आणि तिथे हजारांनी अंडी घालते. पुण्याच्या हवेत अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा दोन-तीन महिन्यांत पूर्ण होतो, आणि मोठी गोचीड रक्ताशिवाय कित्येक महिने जगते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दोन गोचिडी सापडल्या तर बाकीची वस्ती भिंतीत आहे असं धरूनच चाला.

आज रात्री टॉर्च घेऊन ब्रूनोच्या झोपायच्या जागेभोवतीची भिंत वरपर्यंत बघा. बागेकडच्या दाराची चौकट बघा. कुंड्यांच्या खालची बाजू, पायरीच्या फरशांमधल्या भेगा बघा. सापडतील त्या गोचिडी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. नखाने चिरडू नका, चपलेने फरशीवर रगडू नका. भेगा व्हाइट सिमेंटने बुजवून घ्या, ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट आहे. गादीची खोळ उकळत्या पाण्यात, गादी कडक उन्हात. पेस्ट कंट्रोलवाल्याला झुरळांचं नाही, गोचिडींचं काम आहे हे स्पष्ट सांगा आणि भिंतीच्या वरच्या भागात, चौकटींत फवारायला लावा. अंडी फवाऱ्याने मरत नाहीत, त्यामुळे पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा. फवारा पूर्ण वाळेपर्यंत मुलगी आणि दोन्ही कुत्री घराबाहेर.

कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडींसाठी आता चघळायच्या गोळ्या आल्या आहेत: अफोक्सोलानर, सॅरोलानर महिन्याने, फ्लुरालानर साधारण तीन महिन्यांनी. माझ्या प्रॅक्टिसमध्ये गेल्या काही वर्षांत सगळ्यांत मोठा फरक यांनीच पाडला. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या जपून द्याव्या लागतात. आणि गोचीड मरण्याआधी तिने चावलेलं असतं, एर्लिकिया काही तासांतही शिरू शकतो, त्यामुळे घरातली वस्ती तशीच ठेवून नुसत्या गोळीवर भिस्त ठेवता येत नाही. मानेवर सोडायचे थेंब वापरणार असाल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. घरी मांजर असेल किंवा येत-जात असेल तर पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचं काहीही घरात आणू नका, मांजराचा जीव जातो. पाण्यात कालवून लावायचं अमिट्राझ आज ब्रूनोला अजिबात नको. अशक्त कुत्र्याला ते सोसत नाही. रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी यांनी भाजलेली आणि विषबाधा झालेली कुत्री मी दरवर्षी बघते. कडुनिंबाचं तेल लावलंत तर लावा, पण त्याने वस्ती हटत नाही. चिकटलेली गोचीड काढायला उदबत्तीचा चटका देऊ नका. कातडीला अगदी लागून चिमट्याने धरा आणि सरळ, सावकाश ओढा.

मुलीबद्दलची भीती समजते. ब्रूनोला मिठी मारल्याने तिला हा आजार होत नाही. पण हीच तपकिरी गोचीड माणसाला चावली तर रिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा ताप, ज्याला इंडियन टिक टायफस म्हणतात, तो देऊ शकते. म्हणून मुलीला गोचिडी काढू देऊ नका, तिची चटई कुत्र्यांच्या गादीपासून लांब घाला, आणि येत्या काही आठवड्यांत तिला ताप आला, अंगावर पुरळ आलं तर तिच्या डॉक्टरांना घरात गोचिडी आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. आपणहून कुणी ते विचारत नाही. घरच्या मोठ्यांपैकी कुणी म्हणालं की कुत्रा सोडून द्या, तर त्यांना सांगा की कुत्रा गेला तरी भिंतीतल्या गोचिडी राहतात आणि मग त्या माणसांकडे वळतात.

चिंगीला विसरू नका. देशी कुत्र्यांना टिक फिव्हर होत नाही हा समज मला अजून रोज खोडावा लागतो. त्या आजार जास्त दिवस अंगावर काढतात इतकंच, त्यामुळे उशिरा कळतं. ती त्याच भिंतीशेजारी झोपते. तिचा सीबीसी आणि स्मिअर ब्रूनोबरोबरच करून घ्या आणि गोचिडींची चघळायची गोळीही दोघांना एकाच दिवशी द्या. बबेसिया गिब्सोनी कुत्र्यांच्या भांडणात चावण्यातूनही पसरतो, म्हणून सध्या दोघांची ताटं वेगळ्या खोल्यांत ठेवा. सोसायटीच्या फाटकाशी जी दोन-चार कुत्री असतात त्यांना खायला घालणारं कुणी ना कुणी असतंच. त्यांच्याशी बोला, वर्गणी काढा आणि त्या कुत्र्यांनाही तीन महिन्यांची गोळी चिकनच्या तुकड्यातून द्या. तुमच्या बागेतल्या गोचिडी निम्म्या तिथूनच येतात.

उपचार सुरू झाल्यावर सातव्या दिवशी, २८ दिवस संपल्यावर आणि त्यानंतर महिन्याने रक्त तपासा. तेव्हा कुणी किटवर टेस्ट करून "अजून पॉझिटिव्ह आहे" म्हणेल. ती किट अँटिबॉडी बघते, आणि अँटिबॉडी बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही राहते. तिच्या रेघेवर पुन्हा डॉक्सी सुरू करू नका. प्लेटलेट, पीसीव्ही आणि गरज पडली तर पीसीआर, यावरून ठरवा.

सकाळच्या मंडळींना मला एवढंच मागायचं आहे: औषधाचं नाव आणि डोस सोडून बाकी सगळं द्या. कुठला दवाखाना रात्री उघडा असतो, कुणाची गाडी मोकळी आहे, कुणाचा कुत्रा रक्त देऊ शकतो, गोळी तोंडात कशी सारायची, रात्री दोन वाजता घाबरायला झालं तर कुणाला फोन करायचा. यातलं मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही, आणि यानेच कित्येक कुत्री वाचताना मी पाहिली आहेत.

निघताना जुने रिपोर्ट आणि डॉक्सीची उरलेली पट्टी बरोबर घ्या, म्हणजे किती गोळ्या गेल्या ते मोजता येईल. रात्री उशीर झाला तरी पीसीव्ही किती आला आणि स्मिअरमध्ये काय दिसलं ते मला कळवा. दात्याची दोन नावं मिळाली नसतील तर तेही सांगा, माझ्याकडे येणाऱ्या दोन-तीन घरांना मी विचारते.